मोरेबाई आणि लायब्ररीतले सैनिक

बाई,

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर पानभर मजकूर हवा आहे, असा मला फोन आला. जन्म, शिक्षण, मुंबईच्या शाळेतली तीस वर्षांची नोकरी, सिंगापूरला मुलाकडे वास्तव्य, मनमिळाऊ स्वभाव. एवढं आलं की झालं, म्हणाले. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. मग कागद घेऊन बसले, तेव्हा लक्षात आलं की यातलं एकही वाक्य मला तुमच्यासमोर वाचून दाखवता आलं नसतं. 'मनमिळाऊ'पाशी तर तुम्ही मला तिथंच थांबवलं असतं. "कोणाशी मिळालं माझं मन? नाव सांग."

म्हणून हे तुम्हालाच लिहिते आहे. अंकात छापायचं की नाही, ते त्यांचं त्यांनी ठरवावं. मी एक अक्षर गाळणार नाही.

तुम्ही पहिल्यांदा काउंटरवर आलात, तेव्हा मला मरीन परेडच्या लायब्ररीत अर्धवेळ कामाला लागून वर्ष झालं होतं. नवरा जहाजावर चीफ इंजिनिअर, सहा-सहा महिने समुद्रावर. फ्लॅटच्या भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारलेले बरे, म्हणून ती नोकरी धरलेली. तुम्ही माझ्या मंगळसूत्राकडे एकदा पाहिलंत आणि सरळ मराठीत विचारलंत, "मराठी पुस्तकं कुठल्या कपाटात?" मराठी पुस्तकं नाहीत म्हटल्यावर जराही न थांबता म्हणालात, "मग इतिहासाचं कपाट दाखव."

'दाखवा' नाही, 'दाखव'. पहिल्याच वाक्याला तुम्ही मला वर्गात बसवून टाकलंत.

त्यानंतर रोज अकरा वाजता तुम्ही हजर. तुमचा मुलगा प्रकाश बुओना व्हिस्टा भागातल्या ऑफिसात, सून तिच्या कामावर, नात शाळेत. मुलाचं घर मोठं होतं, पण त्यात दिवसा कोणी नव्हतं. तुम्ही खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचात, शेजारी इंग्रजीची जाडी डिक्शनरी, आणि माझी शिफ्ट संपली की आपण खाली हॉकर सेंटरमध्ये, त्या खाण्याच्या टपऱ्यांत, कॉफी प्यायला जायचो.

तिथंच तिसऱ्या आठवड्यात मी तुम्हाला तो प्रश्न विचारला, जो आपण मराठी माणसं अगदी सहज विचारतो. "मोरे म्हणजे तुम्ही साताऱ्याकडचे का?" तुम्ही कप खाली ठेवलात.

"कोकणातले. खेडजवळचे. महार. आता बौद्ध. तुला हेच विचारायचं होतं ना?"

मी काहीतरी "नाही हो, तसं नाही" असं पुटपुटले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "प्रकाशनं इथं कोणाला सांगितलेलं नाही. लोकांनी मोरे म्हणजे मराठा असं धरलं, त्यानं धरू दिलं. त्याचं घर आहे, मी आपणहून सांगत सुटत नाही. पण कोणी विचारलं तर खोटं बोलत नाही. तू विचारलंस."

मी पुण्याच्या ब्राह्मण घरातली. घरी आले आणि दिवसभर स्वतःशी म्हणत राहिले की मला काही फरक पडत नाही. फरक पडत नाही हे माणसाला इतक्या वेळा स्वतःला सांगावं लागत नाही, हे तेव्हा सुचलं नाही.

मग ती दिवाळी. चोआ चू कांगला मंडळातल्या नलिनीताईंच्या फ्लॅटवर फराळाला आपण सगळे जमलो होतो. तुम्ही अनारसे करून नेले होते, जाळीदार, आणि ते सगळ्यात आधी संपले. नलिनीताईंनी स्वतः तिसरा उचलला. कोणीतरी मुंबईहून नव्यानं आलेल्या एका कुटुंबाचा विषय काढला. नलिनीताई अनारसा मोडत म्हणाल्या, "आडनावावरून कळत नाही हो हल्ली. पण दोन वाक्यं बोलले की कळतंच. मंडळात या म्हणावं, कार्यक्रम बघा. माझ्या स्वयंपाकघरात मी काही त्यांना पाऊल टाकू देणार नाही."

दोघी-तिघी हसल्या. मी तुमच्या शेजारीच बसले होते. मी तोंडातला घास चावत राहिले.

तुम्ही उठलात. तुमचा रिकामा डबा घेतलात, नलिनीताईंच्या स्वयंपाकघरात गेलात, नळाखाली तो घासून धुतलात, त्यांच्याच फडक्यानं पुसलात आणि बाहेर येऊन म्हणालात, "चल वैशाली, बस चुकेल."

चोआ चू कांग ते मरीन परेड म्हणजे अख्खं बेट आडवं पार करायचं. वाटेत आपण दुसरी बस पकडली. मग खिडकीबाहेर बघतच विचारलंत, "तू का गप्प बसलीस?"

"सणाचा दिवस, बाई. वाद नको म्हणून."

"हं," म्हणालात. एवढंच.

मला वाटलं, आता उद्यापासून अकरा वाजता खिडकीजवळची खुर्ची रिकामी असेल. दुसऱ्या दिवशी मी घड्याळाकडे बघत होते. अकराला दोन मिनिटं कमी असताना तुम्ही आलात, आदल्या आठवड्याचं पुस्तक परत केलंत आणि म्हणालात, "याचा दुसरा भाग शोधून ठेव." तुम्ही का आलात, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. आनंद मात्र इतका झाला की मी शिक्क्यावर चुकीची तारीख लावून बसले.

ते प्रदर्शन आलं नवीन वर्षात. अमेरिकेतल्या यादवी युद्धात लढलेल्या काळ्या सैनिकांचे फोटो, पत्रं, भरतीच्या जाहिराती; बावीस बोर्ड, लाकडी खोक्यांतून आलेले, तीन आठवड्यांसाठी. फिरतं प्रदर्शन होतं, आमच्या वाट्याला आलं. सिंगापूरच्या समुद्राकाठच्या वस्तीत ते बघायला कोण येणार, असं आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं. पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी इंग्रजीत एक नीटस परिच्छेद लिहिला. त्यात एक वाक्य होतं, त्याचं मराठी असं: या युद्धात काळ्या लोकांनाही लढण्याची संधी देण्यात आली.

तुम्ही पहिल्या दिवशी बावीसच्या बावीस बोर्ड वाचलेत. मग माझ्यापुढे पत्रक ठेवलंत आणि त्या क्रियापदावर बोट.

"कोणी दिली?"

"सरकारनं."

"तिसरा बोर्ड वाचलास का? लढाई सुरू झाल्या दिवसापासून हे लोक भरतीच्या दारात उभे होते. आम्हाला घ्या म्हणत होते. हाकलून दिलं. मग गोरी माणसं कमी पडायला लागली, तेव्हा घेतलं. याला संधी देणं म्हणतात?"

"बाई, साधं पत्रक आहे. दोनशे प्रती काढून झाल्यात."

"मग दोनशे चुका झाल्यात."

मी हसले, तुम्ही हसला नाहीत. खुर्ची ओढून बसलात आणि तुमच्या आजोबांचं सांगितलंत. ते पलटणीत हवालदार होते. त्यांच्यामागून सरकारनं महारांची भरतीच बंद केली. म्हाताऱ्यानं गावोगावच्या पेन्शनरांचे अंगठे घेऊन अर्जावर अर्ज पाठवले. पंचवीसेक वर्षं दार बंद. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा दार उघडलं आणि तुमचे वडील भरती झाले. युद्ध संपलं, पलटण मोडली, वडील घरी. "आता सांग," तुम्ही म्हणालात, "आम्हाला कोणी काय दिलं?"

मी वाद घातला. घालायलाच हवा होता, आणि आजही मी त्यावर ठाम आहे. मी म्हटलं, तिकडे गुलामगिरी होती, माणसं बाजारात विकत होते, आईपासून मूल तोडत होते. आपल्याकडचं वाईट, पण वेगळं. दोन दुःखं एका तागडीत घालू नका. तुम्ही म्हणालात, "वेगळं आहेच. दुःख एक आहे असं मी म्हटलंच नाही. देणाऱ्याची भाषा एक आहे, एवढंच म्हटलं." हा वाद आपण पुढचे कित्येक दिवस कॉफीवर घातला. तो संपला नाही. तुम्ही माझं मत बदललं नाहीत, पण वाक्य बदललंत. मी त्याच दुपारी पत्रक पुन्हा टाइप केलं: त्यांनी लढण्याचा हक्क मागितला, तो नाकारला गेला, त्यांनी तो पुन्हा मागितला. आमच्या प्रमुख मिसेस लिम यांनी ते वाचलं, जुन्या प्रती रद्दीत टाकल्या आणि म्हणाल्या, "बेटर."

त्या बोर्डांत एक फोटो होता. गणवेशातला सैनिक, शेजारी बायको, आणि सारख्या कपड्यांतल्या दोन लहान मुली. खाली लिहिलेलं, नाव अज्ञात. तुम्ही त्यापुढे रोज थोडा वेळ उभ्या राहायचात. एकदा म्हणालात, "अज्ञात कसलं? त्या दोन पोरींना माहीत होतं ना बापाचं नाव. यांनी विचारलं नाही, असं लिहा."

मिसेस लिमना तुम्ही आवडलात. शाळांचे वर्ग येणार होते आणि त्यांना माहिती सांगायला कोणी नव्हतं. त्यांनी तुम्हाला विचारलं. तुम्ही केसांना तेल लावून, कडक इस्त्रीची साडी नेसून आलात. पहिल्या दिवशी मुलांनी तुमच्या इंग्रजीची टर उडवली. तुमचं इंग्रजी म्युनिसिपालिटीच्या शाळेतलं. प्रत्येक शब्द सुटा, फळ्यावर लिहिल्यासारखा. तुम्ही त्यांना हसू दिलंत. मग पहिल्या रांगेतल्या पाच जणांना बाजूला उभं केलंत आणि बाकीच्यांना म्हणालात, "आता हे पाच जण आपल्याबरोबर येणार नाहीत. का, ते मी सांगणार नाही." दहा मिनिटं त्या पाचांना तुम्ही एकही बोर्ड बघू दिला नाहीत. मग त्यांनाच विचारलंत, "काय वाटलं?" त्यानंतर कोणी हसलं नाही.

नवव्या दिवशी प्रायमरी फाइव्हचा, म्हणजे आपल्या पाचवीचा, वर्ग आला. त्यात तुमची नात रेवा होती. ती आधी लाजून मागे उभी राहिली, पण तुमचं बोलणं रंगलं तशी पुढे सरकली. आणि तिनंच सगळ्यांदेखत तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, "आजी, हाऊ कम यू नो सो मच, आ? यू नेव्हर गो अमेरिका, व्हॉट."

मी काउंटरवरून बघत होते. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत. कोणी विचारलं तर खोटं बोलायचं नाही, हा तुमचा नियम मला माहीत होता. माझ्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं.

तुम्ही इंग्रजीत सुरुवात केलीत: माझे वडीलही सैनिक होते. पलटणीतून घरी आले तेव्हा त्यांच्या पायात सरकारी बूट होते. गावात वरच्या आळीपाशी त्यांना थांबवलं. तुमच्या जातीनं इथून पायताण घालून जायचं नाही. त्यांनी बूट काढले, हातात घेतले, ती आळी अनवाणी ओलांडली, आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा घातले.

वर्गात चिनी, मलय, तमिळ मुलं; त्यांना जात म्हणजे काय हे ठाऊकही नसेल, पण हातात बूट घेऊन चालणारा सैनिक त्यांना दिसला. रेवाचा चेहरा लाल झाला होता. "बट ही वॉज अ सोल्जर! व्हाय ही डिडन्ट फाइट देम?"

"फाइट केली ना," तुम्ही एकदम मराठीत म्हणालात. "मला शाळेत घातलं. तीन मैल चालत नेऊन सोडायचे. दोन्ही वेळा त्याच आळीवरून." मग तेच इंग्रजीत सांगितलंत.

ती गोष्ट गावभर व्हायला दोन दिवस पुरले. त्या वर्गात आणखी एक मराठी मूल होतं. तिसऱ्या दिवशी प्रकाश ऑफिसच्या वेळेत लायब्ररीत आला. कमरेला पेजर, गळ्यात टाय, कपाळावर घाम. तुमच्याकडे न जाता माझ्याकडे आला.

"वैशालीताई, तुम्ही तिला थांबवायचं होतं. मी इथं सहा वर्षं काढली. कोणी मला माझं काम सोडून दुसरं काही विचारलं नाही. आता प्रत्येक जण वेगळ्या नजरेनं बघणार. रेवाला तर आम्ही काहीच सांगितलं नव्हतं."

मला तो चुकीचा वाटला नाही. मी तुमच्या टेबलाशी आले आणि म्हटलं, "बाई, राहू दे आता. मुलाला त्रास होतोय."

तुम्ही चष्मा काढलात. "प्रदर्शन अजून किती दिवस?"

"नऊ."

"मग नऊ दिवस येईन. घरी तो बोलणार नाही, ते मी सोसेन. माझ्या बापानं बूट हातात घेतले, कारण त्याच्यापुढे काठ्या होत्या. माझ्यापुढे काय आहे? फराळाचं आमंत्रण येणार नाही, एवढंच ना?"

नऊ दिवस तुम्ही आलात. प्रकाश घरी तुमच्याशी बोलत नव्हता, हे तुम्ही सांगितलं नाहीत, मला रेवाकडून कळलं. ती शाळा सुटली की थेट तुमच्याजवळ येऊन बसायची. काही मराठी मंडळीही आली. प्रदर्शन बघायला की तुम्हाला बघायला, कोण जाणे. तुम्ही सगळ्यांना बोर्ड एकपासून बावीसपर्यंत दाखवलेत, कोणाला सूट दिली नाहीत.

शेवटच्या दिवशी दुपारी बोर्ड उतरवायचे होते. प्रकाश आला. या वेळी टाय नव्हता. त्यानं एकेक बोर्ड वाचला, सावकाश, आणि आम्ही स्क्रू काढायला लागलो तेव्हा बाह्या सरसावून खोक्यात बोर्ड ठेवू लागला. त्या कुटुंबाच्या फोटोपाशी आल्यावर थांबला आणि पाठमोराच म्हणाला, "आई, आजोबांचा गणवेशातला एखादा फोटो आहे का गं?"

"नाही रे," तुम्ही म्हणालात. "कोणी काढला नाही."

त्यानं तो बोर्ड दोन्ही हातांनी उचलून खोक्यात ठेवला. तुम्हाला घेऊन घरी गेला. तुम्ही जाताना मला म्हणालात, "खोक्यावर नीट लिही, कुठं पाठवायचं ते."

त्यानंतरचे सहा महिने तुम्ही मला दिलेत, त्याबद्दल मी काय म्हणू? आपण वाद घातले, कॉफी प्यायलो, तुम्ही मला अनारशाचं पीठ कसं आंबवायचं ते शिकवलंत आणि माझे अनारसे तेलात विरघळले तेव्हा खो खो हसलात. मग एका सकाळी रेवाचा फोन आला की आजी हॉस्पिटलमध्ये आहे, बोलता येत नाही. मी चार दिवस येत होते. तुमचा उजवा हात धरून बसायचे. त्या हाताला काही कळत नव्हतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणूनच कदाचित मी तोच धरायचे. सांगायचं खूप होतं. सांगितलं नाही.

तुमच्या अंत्यविधीला प्रकाशनं भन्तेंना, म्हणजे बौद्ध भिक्खूंना, बोलावलं होतं. श्रीलंकेचे, शांत, म्हातारे. त्यांनी पालीतून म्हणायला सुरुवात केली तेव्हा प्रकाश त्यांच्यामागून मोठ्यानं म्हणू लागला. सगळं त्याला पाठ होतं. हॉलमध्ये तीसेक मराठी माणसं होती. नलिनीताईही होत्या, मागच्या रांगेत, पदर डोक्यावर घेऊन. त्यांच्या मनात काय होतं मला माहीत नाही, आणि मी त्यांच्या वतीनं काही गोड लिहिणार नाही. माझ्या मनात काय होतं, ते लिहिते.

बाई, मी बसमध्ये तुमच्याशी खोटं बोलले. वाद नको म्हणून मी गप्प बसले नव्हते. नलिनीताई ते बोलल्या, तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर हे: पण आमच्या बाई तशा नाहीत. म्हणजे 'तसे' कोणी असतात, हे मला मान्य होतं. मी फक्त तुम्हाला त्यातून उचलून बाजूला ठेवलं होतं, आणि त्याला मी मैत्री समजत होते. मी भ्याले नव्हते. मला त्यात उत्तर देण्यासारखं काही दिसलंच नव्हतं. ही माफी मी तुम्ही जिवंत असताना मागायला हवी होती.

परवा मी हे प्रकाशला जसंच्या तसं सांगितलं. तुमच्याच खोलीत, तुमची पुस्तकं लायब्ररीच्या पिशवीत भरताना. मला वाटलं, तो उठून जाईल. तो पिशवीची गाठ मारत राहिला.

"आईला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"हेच. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी ती लायब्ररीत जायला निघाली, तेव्हा मी तिला अडवलं होतं. म्हटलं, तूच सांगितलंस ना, फराळाला ती वैशाली गप्प बसली, आणि तू पुन्हा तिच्याचकडे कशाला जातेस? तर म्हणाली, 'तिनं मला एकटीला वेगळं काढलंय, बाकीचे अजून तिच्या मनात तिथंच आहेत. पण पोरगी हुशार आहे. वर्षभर लागेल.' आणि चपला घालून निघाली."

बाई, वर्ष व्हायला अजून तीन महिने आहेत.